पहिलेचा रंग

बसा. शेडकार्ड तुमच्या हातात आहे, सावकाश बघा. या उन्हात चहा नको, ताक सांगतो.

जुनी गाडी घेऊन माझ्याकडे येणारा माणूस दोनच तऱ्हेचा असतो. एकाला ओरिजिनल रंग हवा असतो, कंपनीतून निघाली तेव्हा होता तस्सा. दुसऱ्याला मनातला हवा असतो, मग तो बायकोच्या साडीचा असो नाहीतर मोबाइलच्या कव्हरचा. मी कोणालाच नाही म्हणत नाही. बत्तीस वर्षं जळगावात हेच काम करतोय. चुडामण पेंटर म्हटलं की अजिंठा चौफुलीवर कोणीही बोट दाखवून रस्ता सांगेल. रंग ओळखण्यात आपला हात धरणारा खानदेशात नाही, असं मी स्वतःच सांगत आलो आणि लोकांनीही कधी खोटं पाडलं नाही. एका गाडीनं पाडलं. तुम्ही आत्ता आल्या आल्या ‘ओरिजिनलच करा’ म्हणालात ना, म्हणून ती आठवली.

गेल्या चैत्रातली गोष्ट. पारोळ्याकडचा एक शेतकरी आला, अभिमन नावाचा. पंचेचाळिशीचा, मवाळ बोलणारा, पायरीवरच चपला काढून आत आला. इथं थिनर सांडलेलं असतं, चपला घालूनच या, असं मला सांगावं लागलं.

“नाना, येझदी आहे आमची. वडलांची. घरी येऊन बघाल का? माय कोणाला हात लावू देत नाही तिला.”

मला धुळ्याला एक काम पोचवायचं होतंच. म्हटलं, जाता जाता बघू. दुसऱ्या दिवशी माझ्या टेम्पोतून दोघं निघालो.

वाटेत त्यानं सगळं सांगितलं. त्याचे वडील नवल. अडतीस वर्षांपूर्वी, आखाजीच्या आदल्या दिवशी, सकाळी ते बहिणीला माहेरी आणायला म्हणून येझदीवर धुळ्याला निघाले. बहीण पिशवी भरून दारात बसून राहिली. ते पोचलेच नाहीत. फागण्याच्या अलीकडे एका निंबाखाली गाडी सापडली. स्टँडवर नीट उभी केलेली, चावी गाडीलाच. पडझड नाही, ओरखडा नाही. विहिरी पाहिल्या, नाले पाहिले, देवऋषी झाले, पोलीस झाले. माणूस काही सापडला नाही. अभिमन तेव्हा सहा वर्षांचा होता.

“माय अजून कुंकू लावते,” तो म्हणाला, “आणि आखाजीला त्यांची घागर भरू देत नाही.”

तुम्ही इकडचे नाही, म्हणून सांगतो. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे दिवाळीपेक्षा मोठी. लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात. आणि त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांसाठी पाण्याची मातीची घागर भरतात. वर डांगर ठेवायचं, म्हणजे तुमचं खरबूज. सांजोऱ्या, आमरस. मग घरधनी उंबऱ्यावर कुंकवाचं एकेक बोट उठवत एकेका मेलेल्याचं नाव घेतो. ज्याचं नाव घेतलं, तो गेला. ज्याचं घेतलं नाही, तो अजून वाटेवर आहे.

“मला तरी कुठं हौस आहे बापाची घागर भरायची?” अभिमन खिडकीबाहेर बघत म्हणाला. “पण नाना, ना मला बाप आहे, ना मी बिनबापाचा. पोरीच्या लग्नपत्रिकेत आजोबाच्या नावामागं काय लिहू, तेसुद्धा मला ठरवता येईना. यंदा मायपाशी हट्ट धरला. तेव्हा कुठं ती कबूल झाली. पण तिची एक अट आहे. ती तुम्ही तिच्याच तोंडून ऐका.”

बोरी नदीच्या काठचं गाव. नदी कोरडी. निंब फुलले होते आणि सगळ्या गल्लीत तो कडू-गोड वास भरून राहिला होता. ओट्यावर भिकुबाई बसल्या होत्या. सत्तरीच्या आतबाहेर, अंगानं काडी, पण कपाळावरचं कुंकू बंद्या रुपयाएवढं. मी ‘अक्का, नमस्कार’ म्हटलं तर आधी माझे हात बघितले. नखांत मुरलेला रंग बघून त्यांना बरं वाटलं असावं.

त्यांनी स्वतः गोधडी काढली. खाली येझदी होती, पण काय अवस्था! काळ्या ऑइलपेंटनं ब्रशनं फासलेली, म्हशीसारखी. नवल गेल्यावर त्यांच्या थोरल्या भावानं असं केलं होतं. भावजयीनं गाडी बघून रोज रडू नये म्हणून. चांगल्या मनानं केलेली वाईट कामं मी या धंद्यात खूप बघितलीत.

“भाऊ,” भिकुबाई म्हणाल्या, “गाडीले पयलेना रंग दे. तो रंग दखी ना, अभिमनना बाप वळखी लेई. येई तो. आखाजीलोंग नही उना, ते मंग भर घागर. मी आडी येवाव नही.”

ही त्यांची अट. गाडी पहिलेच्या रंगात दारात उभी करायची. माणूस या जगात कुठंही असेल, वाट चुकलेला असेल, डोकं फिरलेलं असेल, नाहीतर... दुसरं काही असेल, तरी आपली गाडी ओळखून दारी येईल. आखाजीच्या दुपारपर्यंत आला नाही, तर तो मेला असं म्हातारी मानणार. अडतीस वर्षांची वाट तिनं माझ्या एका रंगावर लावली होती. मला ते ऐकून भरून आलं आणि खरं सांगायचं तर छातीही फुगली.

“पहिला रंगच देतो अक्का,” मी म्हटलं. “डोळ्यांत तेल घालून शोधतो.”

त्या हसल्या. मी काय बोललो ते त्यांनी ऐकलं नाही आणि त्या काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. मी पाचोऱ्याचा, आईच्या मांडीवर हीच बोली शिकलेला. पण बत्तीस वर्षं शेडकार्डं चाळून माझे कान शहरी झाले होते.

गाडी इथं आणली. ते कोपऱ्यात स्टँड आहे ना, तिथंच ठेवली होती. जुन्या गाडीचा रंग शोधायची एक रीत असते. टाकीवर रुपयाएवढी जागा धरायची, पाणी मारत पॉलिश पेपरनं गोल गोल घासायची. थराखालचा थर उघडत जातो आणि रंगांची कडी दिसायला लागतात. मी त्याला डोळा काढणं म्हणतो. या टाकीचा डोळा काढला तर बाहेर काळं, त्याच्या आत फिक्कट केशरी, आणि मधोमध निळा. निळा कसला, दौतीतल्या शाईसारखा. खोल होता. त्याच्याकडे बघत राहिलं की आपण थोडे वाकतोय असं वाटायचं.

मला शंकाच उरली नाही. असला फिक्कट केशरी कुठल्या कंपनीनं काढला असेल? कोण्या गावठी पेंटरची लहर, झालं. निळा मात्र टाकीच्या पोटाखाली होता, हेडलाइटच्या आत होता, जिथं दुसरा कोणी पेंटर हात घालत नाही तिथं होता. तोच पहिला. अभिमनला फोन केला तर तो म्हणाला, ‘मी लहान होतो नाना, मला आठवत नाही, तुम्हाला कळेल ते.’ म्हातारीला फोन द्यायला सांगून एक शब्द विचारायचा होता. नाही विचारला. म्हटलं, मोतीबिंदू काढलेले डोळे, काय सांगणार ती? अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो मीच.

चैत्र अखेरची दुपार होती. पंचेचाळीसच्या वर पारा. अशा दुपारी जळगावात बाराच्या पुढं चिटपाखरू दिसत नाही. शटर अर्धं ओढलेलं, कूलरच्या गवताचा ओला वास, त्यात थिनरचा. मी इथंच बसून डब्याच्या झाकणावर निळा जुळवत होतो. जुळेना. कधी हिरव्याकडे जाई, कधी मळकट होई. घासलेल्या डोळ्याशेजारी थेंब लावायचा, वाळू द्यायचा, बघायचा, पुसायचा. किती वेळ गेला कुणास ठाऊक. कूलरचा आवाज ऐकू येईनासा झाला. आपण जागे आहोत की डुलकी लागली, हेही नीट कळत नव्हतं, आणि कळावं असं वाटतही नव्हतं.

“काळा नका टाकू,” मागून कोणी म्हणालं. “थोडा जांभळा.”

मी टाकला. वर बघितलंही नाही. बघायचं सुचलंच नाही.

“आणखी... थेंबभर... बस.”

थेंब लावला आणि तो दिसेनासा झाला. जुन्या निळ्यात नवा निळा असा मिसळला की कड सापडेना. बत्तीस वर्षांत माझ्या हातून इतका रंग कधी जुळला नव्हता. मी आनंदानं वळलो.

शटरखालून येणाऱ्या उजेडात एक माणूस उभा होता. पाठीमागं ऊन, त्यामुळे चेहरा अंधारात. मोठ्या कॉलरचा जुना शर्ट. केस ओले, आत्ता डोक्यावरून पाणी घेतल्यासारखे. बऱ्याच दिवसांनी झाकण काढलेल्या विहिरीचा येतो तसा थंड वास आला. इतका थंड, की मला क्षणभर बरं वाटलं.

“माझी आहे ही,” तो टाकीकडे बघत म्हणाला. हळू, समजुतीच्या सुरात. “खूप वर्षं शोधतोय. रंगच गेला होता हिचा.”

माझ्या हातावरचे केस उभे राहिले. पण खोटं कशाला बोलू, भीतीपेक्षा आनंद मोठा होता. म्हातारी खरी ठरली, असं मनात आलं. माझ्या हातानं रंग जुळला आणि माणूस आला!

“नवलभाऊ?” मी विचारलं.

तो हसला असावा. “कुठं असते आता ही?”

आणि मी सांगितलं. सगळं सांगितलं. पारोळ्याच्या अलीकडे आत वळायचं, बोरीच्या काठाला, दोन निंब सोडून तिसरं घर, ओटा शेणानं सारवलेला. अक्का वाट बघतायत, म्हटलं. अडतीस वर्षं कुंकू लावून बसल्यात. आखाजीच्या आदल्या दिवशी गाडी घेऊन येतो, तुम्ही या. 

तेवढ्यात कॉम्प्रेसर धडधडत सुरू झाला. मी दचकून वळलो, बटण बंद केलं. परत बघतो तर दारात फक्त ऊन. जमिनीवर पाण्याचे दोन ओघळ होते. मी बघत असतानाच वाळले.

ही गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. बायकोलाही नाही. बारशाआधी बाळाचं नाव गुपित ठेवावं तसं मनात ठेवलं आणि पुढचे दिवस त्या गाडीवर जीव ओतला. रंग गनमधून असा निघायचा की कुठं ओघळ नाही, कुठं कण नाही. दुपारी काम करताना तो थंड वास अधूनमधून यायचा आणि मी मनात म्हणायचो, बघताय ना नवलभाऊ?

आखाजीच्या आदल्या दिवशी गाडी घेऊन गेलो. गावात लेकी आल्या होत्या, निंबांना झोके लागले होते, पोरींचे हसण्याचे आवाज गल्लीभर. अभिमननं आणि मी फळी लावून गाडी उतरवली, दारासमोर उभी केली. ऊन टाकीवर पडलं आणि गल्लीतल्या बाया ‘अगं माय!’ म्हणत थबकल्या.

भिकुबाई ओट्यावरून उतरल्या. टाकीवर हात ठेवला. काढला. पदराला पुसला.

“हाऊ रंग कोना शे?”

“पहिला रंग, अक्का,” मी हसत म्हटलं. “कंपनीतून निघाली तेव्हाचा. तुम्हीच म्हणाल्या होतात.”

“पयला नही रे भाऊ...” त्यांचा आवाज एकदम लहान झाला. “पयलेना. अभिमनना बाप हारपना, त्यान्या पयलेना.”

मी तिथंच उभा. पहिला आणि पहिलेचा. एका अक्षराचा फरक, आणि तो माझ्या आईच्या बोलीतला.

मग त्यांनी सांगितलं. गाडी नवलनं नवी घेतलीच नव्हती. धुळ्याला एका बाईच्या घरून जुनी घेतली होती. “गाडी देवावाली बाई बोलनी, भाऊ, रंग बदल, मंग घर ली जा. हाऊ रंग घर नेऊ नको. अभिमनना बापनी डांगर काप, पेंटरना पुढे ठेवं, नि बोलना, आसा दे. हाऊ रंग मी कव्हयच दखा नही.”

ते फिक्कट केशरी कडं. कापलेल्या डांगराचा गर. मी ते पेपरनं घासून काढलं होतं, नि घासताना शीळ घालत होतो.

मला वाटलं, अजून एक हुकमाचा पत्ता आपल्या हातात आहे. म्हातारीचा धीर राखायला मी म्हणालो, “पण अक्का, घाबरू नका. नवलभाऊ आले होते माझ्याकडे. गाडी ओळखली त्यांनी.” आणि दुपारची सगळी हकिगत सांगितली.

त्यांचे डोळे असे उजळले की काय सांगू! त्यांनी माझं मनगट धरलं. “काय बोलना तो? काय सबद व्हतात?”

“म्हणाले... खूप वर्षं शोधतोय. रंगच गेला होता हिचा.”

मनगटावरची पकड सैल झाली.

“शोधतोय?” त्यांनी तो शब्द तोंडात फिरवून बघितला. “अभिमनना बाप दोन यत्ता शिकेल व्हता भाऊ. हाऊ सबद त्याना तोंडमा नही.” मग माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर मी आज सुखी असतो. “भाऊ... तू त्याले घर दावं?”

मी मान खाली घातली. झोक्यावरच्या पोरी गात होत्या आणि त्या उन्हात मला हुडहुडी भरली होती.

डांगराचा रंग माझ्याजवळ नव्हता. गाडी परत नेतो म्हटलं तर भिकुबाई हलू देईनात. आखाजीला गाडी दारातच हवी, नवल येणार. शेवटी अभिमननं तिच्यावर गोधडी घातली, सुतळीनं बांधली, आणि मी जळगावला पळालो. पहाटे एक डांगर कापून समोर ठेवलं आणि रंग जुळवायला बसलो. साधा, गरीब रंग. पण घाईत जुळेना, तीनदा फेकून दिला. जुळेपर्यंत दहा वाजले. नशीब बघा, एरंडोलच्या पुढं ट्रक आडवा पडलेला. मी त्या गावात शिरलो तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता.

गल्ली रिकामी होती. सगळे जेवायला घरात. झोके मोकळे, आणि वारा नसताना त्यातला एक हळू हळू हलत होता. निंबाचा वास नव्हता. दुसरा वास होता. तो मी ओळखला.

गोधडी गाडीवर नव्हती. ओट्याच्या कडेला घडी घालून ठेवली होती. ओली होती.

“आम्ही नाही काढली नाना,” अभिमन दारातून म्हणाला. त्याच्या हातात कुंकवाची वाटी होती. “आत घागर मांडत होतो. बाहेर आलो तर ही अशी. मायला विचारतो तर ती बोलत नाही.”

भिकुबाई उंबऱ्याशी बसल्या होत्या. त्यांची नजर गाडीवर होती. मी त्या नजरेच्या वाटेनं बघितलं. गाडीला टेकून, पायरीवर, तो बसला होता. पाठमोरा. हात टाकीवर. त्याच्या केसांतून पाणी गळत होतं आणि पायरीवर पडायच्या आत वाळत होतं. अभिमन त्याच्या अंगावरून पुढं आला, तरी त्याला काही दिसलं नाही.

मी ओट्यावर कसा चढलो, आठवत नाही.

“उना भाऊ,” भिकुबाई ओठ न हलवता म्हणाल्या. “पन हाऊ तो नही.”

“मी आत्ता रंग... अक्का, मी आत्ता लगेच...”

“आते ऱ्हाऊ दे.” त्यांनी गल्लीच्या तोंडाकडे बोट केलं. “तो बी उन्ता. अभिमनना बाप. आत्तेच... तू येवाना जरासा आगोदर. तठे उभा राह्यना. तोच सदरा, तीच चाल... गाडीकडे दखं. खूप येळ दखं. मी हाक मारी, मना आवाजच निंघना नही. मंग... दार चुकनं आसं समजना, नि पुढे चालना गया.”

मी उडी मारून धावलो. पिठाच्या चक्कीपाशी गल्ली संपते, तिथवर. पुढं रस्ता, कोरडी नदी आणि ऊन. दूरवर हवा थरथरत होती. एक कुत्रं रस्त्याच्या मधोमध उभं राहून नदीकडे बघत होतं आणि शेपूट हलवत होतं. मी ‘नवलभाऊ!’ म्हणून ओरडलो. दोनदा ओरडलो. कुत्र्यानं माझ्याकडे बघितलं, आणि परत नदीकडे.

माणूस आला होता हो! अडतीस वर्षांनी, स्वतःच्या दारापर्यंत आला होता. माझ्या रंगानं त्याला परका केला.

परत आलो तेव्हा पायरीवर कोणी नव्हतं. निदान मला दिसलं नाही. भिकुबाईंनी अभिमनला जवळ बोलावलं. वेळ झाली होती, अट संपली होती. तो रडत होता. त्यांच्या डोळ्यांत टिपूस नव्हता.

“भर घागर,” त्या म्हणाल्या. “पन बापनी नही. त्याले मी आज जित्ता दखा. ह्याले पानी दे.” त्यांनी रिकाम्या पायरीकडे बघितलं. “कोना कोन शे, काय माहीत. इतला लांबथीन उना. तहानेला जावाले नको.”

अभिमननं उंबऱ्यावर बोटं उठवली. आजोबांचं, पणजोबांचं, आजीचं. शेवटी एक बोट उठवलं आणि कोणाचं नाव घ्यावं ते न कळून नुसता गप्प राहिला.

गाडीचा रंग मी तिथंच, त्यांच्या अंगणात, चार दिवस राहून उतरवला. निळ्याचा कण ठेवला नाही. टाकीच्या पोटाखालचा, हेडलाइटच्या आतला, सगळा खरवडला. वर डांगराचा रंग दिला. छान बसला. भिकुबाईंनी हात फिरवला, ‘हाऊच,’ म्हणाल्या, आणि मला जेवायला वाढलं. मला शिव्या दिल्या असत्या तर तो घास सोपा गेला असता. गाडी तेव्हापासून दारात उभी आहे. मी दर दोन महिन्यांनी जाऊन पॉलिश मारून येतो. धुळ्याच्या त्या घराचाही शोध घेतला. घर पाडून तिथं दुकानं झालीत. ती बाई कोण, तिचं कोण बुडालं की काय झालं, सांगणारं कोणी उरलं नाही.

नवल परत आला नाही. अक्का मात्र रोज दुपारी ओट्यावर बसायच्या. एक तांब्या आपल्याजवळ, एक पायरीवर. अभिमनला मी म्हटलं, बसू दे. वाट बघायची सवय आहे, एकदम कशी सुटेल? नवलसाठीच बसतात, अशी आम्ही दोघांनी समजूत करून घेतली होती.

परवा अभिमनचा फोन आला.

“नाना, माय आपली बोली बोलेना झाली.”

“म्हणजे? आजारी आहेत का?”

“नाही हो. तब्येत चांगली आहे, कधी नव्हती इतकी. पण शाळेची पायरी न चढलेली बाई ती. आता तुमच्यासारखी बोलते. रेडिओवरच्या बाईसारखी, स्वच्छ. शेजारणी हसतात. मला अरे-बाळ करते.”

मी काहीतरी म्हटलं, वयाचं, उन्हाचं. तो ऐकत नव्हता.

“काल विचारलं मी. म्हटलं माय, आखाजी आली. औंदा गाडी गल्लीच्या तोंडाशी नेऊन उभी करू का? बाप लांबूनच वळखी लेई.”

“मग?”



“दोन ताटं वाढत होती,” अभिमन म्हणाला. “वर बघून हसली. म्हणाली, ‘असं काय करतोस बाळ? तुझे वडील हे काय, इथंच तर बसलेत.’”